आधी दार मोजा

आठ फूट उंच आणि दहा फूट लांब. एवढं चित्र चंदनसारच्या वन बीएचकेत रंगवता येईल का? येईल. रंगवून झालेलं चित्र घराबाहेर काढता येईल का, हा मात्र निराळा प्रश्न आहे आणि बहुतेकांना तो शेवटची सही केल्यावर पडतो. मोठ्या चित्राची तयारी भिंतीपासून सुरू करायची नसते, दारापासून करायची असते. या प्रकरणाचा सगळा भर त्यावरच आहे.

विरार पूर्वेच्या या भागात बैठ्या चाळी आहेत, चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती आहेत आणि अलीकडचे टॉवरही आहेत. आपण मधलं उदाहरण घेऊ. समजा तिसरा मजला आहे, हॉल दहा बाय चौदा, छत नऊ फुटांवर, दार तीन बाय सात. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा, म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाचा चेहरा आठवायचा. खिडक्यांना बाहेर आलेलं बॉक्स ग्रिल. जुन्या चाळींत कपाट किंवा पलंग जिन्यात अडकला की गॅलरीतून दोर सोडून वर ओढून घेत. ग्रिलने ती वाट बंद केली. आता वस्तू येणार-जाणार त्या दारातून आणि जिन्यातूनच.

आता थोडं गणित. कॅनव्हास सरळ उभा धरून नेला तर उंची सात फुटांच्या आत हवी. तिरका केला तर थोडं जास्त मिळतं. तीन बाय सातच्या दाराचा कर्ण येतो साधारण सात फूट सात इंच. त्यातून दाराच्या चौकटीची लाकडं आणि कॅनव्हासच्या चौकटीची जाडी वजा केली की हातात सात फूट आणि वर जेमतेम एखाद-दुसरा इंच उरतो. म्हणजे आठ बाय दहाचा ताणलेला कॅनव्हास या दारातून कुठल्याही अंगाने, कितीही कौशल्य लावलं तरी बाहेर पडणार नाही. तुम्हाला साडेसहा फूट उंची चालणार असेल तर पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते, आणि त्यात कमीपणा काही नाही. तरीही जिन्याची परीक्षा बाकी असते. चित्राच्या लांबी-उंचीच्या दोन हलक्या पट्ट्या काटकोनात ठोका, ती चौकट घेऊन एकदा खाली उतरा आणि एकदा वर चढा. प्रत्येक वळणावर पट्टी कुठे घासते ते पाहा. शेजारी विचारतील, सांगून टाका.

या अडचणीशी भलेभले झगडले आहेत. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये कलासंग्राहक पेगी गुगनहाइम यांनी जॅक्सन पोलॉक या तेव्हा फारशा नाव नसलेल्या चित्रकाराला आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी एक चित्र सांगितलं. माप आठ फूट बाय जवळजवळ वीस फूट. चित्र थेट भिंतीवर न काढता कॅनव्हासवर काढावं, म्हणजे पुढे हलवता येईल, हा सल्ला चित्रकार मार्सेल द्यूशाँचा. पोलॉक राहत होता भाड्याच्या घरात, आणि वीस फूट लांब भिंत त्याच्याकडे नव्हती. त्याने आणि त्याची जोडीदार ली क्रॅस्नर हिने दोन खोल्यांमधली भिंतच पाडली. मालकाला सुगावा लागू नये म्हणून राडारोडा रात्री बादल्यांतून बाहेर नेला, असं सांगतात. चित्र झाल्यावर ते चौकटीवरून उतरवलं, गुंडाळलं आणि गुगनहाइमच्या घरी नेऊन पुन्हा ताणलं. या चित्राविषयी दोन दंतकथा फार चालल्या: एक, ते एका रात्रीत झालं, दुसरी, ते लांबीला जास्त भरलं म्हणून द्यूशाँने आठ इंच कापलं. पुढे गेटी संस्थेच्या संवर्धकांनी चित्राची तपासणी केली, तेव्हा दोन्ही खोट्या ठरल्या. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने पोलॉकचं भिंतीचं उदाहरण गिरवू नये. गुंडाळण्याचं मात्र जरूर घ्यावं.

पिकासोला १९३७ साली ‘गेर्निका’साठी पॅरिसमध्ये चांगली ऐसपैस जागा मिळाली होती. पण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास त्या माळ्याच्या उतरत्या छताखाली सरळ उभाच राहीना. तो तिरका टेकवून, शिडीवर चढून आणि लांब दांड्याला ब्रश बांधून त्याने वरचा भाग रंगवला. मातिसची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेतले संग्राहक बार्न्स यांच्या दालनासाठी सुमारे ४५ फूट रुंदीचं नृत्यचित्र काढायला त्याने नीसमध्ये एक रिकामं गॅरेज भाड्याने घेतलं. बांबूच्या टोकाला कोळसा बांधून तो दूर उभा राहून रेषा काढत असे. बरंच काम पुढे गेल्यावर १९३२ मध्ये कळलं की भिंतीचं मापच चुकीचं धरलं गेलं आहे. मातिसने सगळं नव्याने केलं. चुकीच्या मापाचं ते चित्र आज पॅरिसच्या संग्रहालयात मानाने टांगलेलं आहे. आपल्या चुकीच्या मापाच्या चित्राला असं नशीब लाभेल याची खात्री नाही. तेव्हा चित्र कुठल्या भिंतीवर लागणार हे ठरलं असेल तर ती भिंत दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर विसंबून न राहता स्वतः जाऊन मोजा.

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरं फार आधीपासून तयार आहेत. नाटक कंपन्यांचे पडदे आठवा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजेच पुढे चित्रपटांमुळे गाजलेले बाबूराव पेंटर, हे आधी रंगभूमीचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता असा प्रचंड देखावा कापडावर उतरवायचा आणि तो बांबूला गुंडाळून कंपनीबरोबर गावोगाव फिरवायचा. चित्राला चौकट नाहीच, दांडी आहे. सिनेमाच्या जाहिरातींचं शास्त्र वेगळं. मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. रस्त्याच्या कडेला काम, छोट्या छायाचित्रावर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर पाडायच्या आणि तुकड्या-तुकड्याने चेहरा वाढवत न्यायचा. हे बोर्ड सुट्या भागांत रंगत आणि थिएटरवर चढवताना जोडले जात. पुढे १९७५ मध्ये हुसेन यांनी ‘लाइटनिंग’ हे घोड्यांचं चित्र केलं. दहा फूट उंच, साठ फूट लांब, बारा फलकांचं. म्हणजे एक फलक पाच फुटांचा.

फलकांची युक्ती घरात काम करणाऱ्याला सगळ्यात मानवते. ठाण्याचे सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत होते आणि त्याच काळात शहराची मोठमोठी चित्रंही काढत होते. त्यांचं २०१४ मधलं ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ सात फलकांचं आहे. फलकांत काम करायचं तर सांधा हा चित्राचाच भाग मानावा लागतो. माणसाच्या डोळ्यातून किंवा बोटांमधून सांधा गेला की तो कायम खटकतो. भिंतीची कड, खांब, झाडाचं खोड यांच्यावर तो लपतो. आपल्या आठ बाय दहासाठी चार बाय पाचचे चार फलक केले तर ते दारातून जातात, जिन्यातून उतरतात, आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पोतही मावतात. सांधे दिसतील. दिसू द्यावेत.

तिसरी वाट आपल्याच जिल्ह्यातली, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात शहाणी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी गंजाडला पोचले आणि त्यांच्यामुळे ही चित्रं मुंबईच्या गॅलरीत आली. म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. शेण किंवा गेरूचा हात दिलेलं कापड जमिनीवर पसरायचं, उकिडवं बसायचं आणि बांबूच्या काडीने पांढरी आकृती काढत सरकायचं. वारलीच्या मांडणीला चहूबाजूंनी काम केलेलं चालतं; तारप्याच्या नाचाच्या गोल रांगेला वर-खाली असं काही नसतं. इझल नको, शिडी नको, उंच छत नको. रंगाचा थर पातळ, त्यामुळे कापड गुंडाळलं की काम झालं. पोलॉकही पुढे न्यूयॉर्क सोडून गावाकडच्या कोठारात गेला आणि कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवू लागला. पण जमिनीवर काम करण्याची एक अट आहे: चित्र लांबून न पाहताही ते डोक्यात पुरं असावं लागतं. ज्याला हुबेहूब माणसं, इमारती, खोली दाखवायची आहे त्याला उभी भिंत लागतेच.

ती भिंत अशी उभी करता येते. प्लायवूडचा शीट बाजारात आठ बाय चारचा मिळतो. बारा एमएमचे तीन शीट उभे शेजारी ठेवले की आठ फूट उंच आणि बारा फूट लांब फळी तयार. शीट चार फुटी असल्यामुळे ते दारातून विनासायास येतात. मागून आडव्या पट्ट्यांनी तिन्ही जोडायचे, खाली विटांवर ठेवायचे आणि वरचा काठ भिंतीला टेकवायचा. मूळ भिंतीला भोक पडत नाही. पायथा पुढे सरकू नये म्हणून समोर लाकडी गुटके लावायचे आणि वरच्या दोन्ही टोकांना खिडकीच्या ग्रिलला दोरी बांधायची. घरात लहान मूल असेल तर दोरीबाबत आळस नको. तीन शीटचं वजन अंगावर येणं हा विनोद नाही.

कापड चित्राच्या मापापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच इंच जास्त घ्यायचं, म्हणजे पुढे चौकटीवर ताणताना पकडायला जागा राहते. आठ फूट उंच प्लायवर आठ फूट उंच चित्र काढायचं तर वरची-खालची झालर प्लायच्या मागे वळवून आधीच स्टेपल मारावे लागतात, म्हणजे हे काम फळी आडवी असतानाच उरकायचं. एवढ्या पन्ह्याचा कॅनव्हास मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर मांजरपाटही चालतो, फक्त धुऊन, आटवून घ्यायचा, आणि शिवण आलीच तर ती चेहऱ्यावरून जाणार नाही असं बेतायचं. अस्तराला अ‍ॅक्रिलिक जेसोचे दोन हात द्या. पांढऱ्या गोंदात खडूची पूड कालवून घरी अस्तर करणारे पुष्कळ आहेत. सरावाच्या कामाला ते ठीक, पण गुंडाळायच्या कॅनव्हासवर नको. थर कडक होतो आणि तडकतो.

उंचीचं काय? खालचा भाग पाटावर बसून होतो, मधला उभ्याने, वरच्या दोन फुटांना भिंती रंगवणाऱ्यांची घोडी लागते. ती विकत घेऊ नका. मांडववाल्याकडे किंवा रंगाऱ्याकडे घोडी, बांबू आणि ताडपत्री भाड्याने मिळते, आणि सार्वजनिक गणपतीचे दिवस सोडले तर तो खुशीने देतो. दुसरा उपाय छतालाच टांगलेला असतो. कपडे वाळत घालायच्या दांड्या आपण कप्पीवर वर-खाली करतो. हलक्या कापडाचा वरचा काठ तशाच दांडीला शिवला तर चित्र खाली सोडून वरचा भाग डोळ्यांच्या पातळीत आणता येतो. परदेशी नाट्यगृहांच्या रंगशाळांत पडदा रंगवायला हीच सोय असते: रंगारी जागेवर आणि पडदा जमिनीतल्या फटीतून वर-खाली. कप्पी मात्र ओल्या कपड्यांच्या वजनाची असते. लाकडी चौकटीसकट आठ बाय दहाचा कॅनव्हास वीस-पंचवीस किलो सहज भरतो, तो तिला टांगू नये.

छोट्या खोलीचा खरा जाच मागे सरकता न येण्याचा आहे. चित्र दहा फूट लांब आणि मागे सरकायला आठ-नऊ फूट. एवढ्यात नजर चित्रभर पोचत नाही; हात जवळून रंगवत राहतो आणि प्रमाणं बिघडतात. याला सर्वांत स्वस्त औषध आरसा. चित्रासमोरच्या भिंतीला आरसा लावा, चित्राजवळ उभे राहून त्यात पाहा. आरसा नऊ फुटांवर असेल तर प्रतिमा अठरा फुटांवरून पाहिल्यासारखी दिसते. शिवाय चित्र उलटं दिसतं, त्यामुळे डोळ्याला सवय झालेल्या चुका एकदम उघड्या पडतात. हा सल्ला लिओनार्दोनेही चित्रकारांना देऊन ठेवला आहे. कपाटाच्या दाराचा आरसा पुरतो. कपाट फक्त योग्य जागी सरकवावं लागतं. मोबाइलने फोटो काढून पाहणं सोपं, पण अगदी जवळून रुंद लेन्सने काढलेला फोटो कडेच्या आकृत्या ताणतो आणि त्या फोटोवर विसंबून चित्र दुरुस्त केलं तर नीट असलेलंही बिघडतं. दार समोर येत असेल तर ते सताड उघडून जिन्याच्या कठड्यापाशी उभं राहून पाहावं. काही फूट फुकट मिळतात.

उजेडाबद्दल थोडक्यात. खिडकीच्या उन्हावर अवलंबून राहिलात तर सकाळचा निळा संध्याकाळी हिरवट वाटतो. एकाच प्रकारच्या दोन एलईडी ट्यूब चित्राच्या दोन्ही अंगांनी तिरक्या लावा, म्हणजे रंगावर चकाकी येत नाही. खोक्यावर ६५०० के लिहिलेली ट्यूब फार निळसर. ४००० ते ५००० केची घ्या, आणि रंगदर्शकांक (सीआरआय) नव्वदच्या वर असेल तर उत्तम.

तैलरंग की अ‍ॅक्रिलिक? बंद घरात, स्वयंपाक आणि झोप एकाच छताखाली असताना, मी अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने आहे. ऐंशी चौरस फुटांवर टर्पेंटाइन वापरलं तर त्याचा वास आणि वाफ घरभर राहते, आणि घरात गॅसची शेगडी असते हे विसरून चालत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून टाकल्या तर आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. तैलरंगच वापरायचे असतील तर चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. शिवाय तैलरंगाचा जाड थर पुरता वाळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर चित्र गुंडाळता येत नाही. मोठ्या चित्राला रंग ट्यूबने पुरत नाही, डब्याने घ्यावा लागतो. मोठ्या क्षेत्राला घराच्या रंगाचा चार इंची ब्रश आणि रोलर बिनदिक्कत वापरा. पिकासोनेही घरादाराला लावायचा तयार रंग चित्रांत वापरला आहे.

विरारचा पावसाळा हा या सगळ्यातला न बोलावलेला पाहुणा. ओल आलेल्या भिंतीला प्लाय चिकटवून ठेवला तर कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. मधे दोन-तीन इंच हवा खेळती ठेवा. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो. कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून ताण परत आणता येतो. म्हणून चौकट करून घेताना सुताराला कोपरे पक्के चिकटवू नकोस, पाचरीची खाच ठेव, असं आधीच सांगावं. आठ बाय दहाच्या चौकटीला मधे आडव्या-उभ्या पट्ट्याही हव्यात, नाहीतर कापडाच्या ताणाने लांब बाजू आत वाकतात.

गच्चीवर ताडपत्री बांधून काम करण्याचा मोह होईल, सोसायटी परवानगीही देईल. पण वाऱ्याचं गणित मांडून पाहा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा ऐंशी चौरस फुटांच्या कॅनव्हासवर समोरून आला तर त्यावर चाळीस-पंचेचाळीस किलोंहून अधिक जोर पडतो. तो कॅनव्हास धरून उभा असलेला माणूस कठड्याजवळ असू नये. त्यापेक्षा वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत एखादा रिकामा गाळा महिना-दोन महिन्यांसाठी मिळतो का पाहणं बरं. उंच शटर, पक्की फरशी, टेम्पो दारापर्यंत. मातिसचं गॅरेज याहून वेगळं नव्हतं.

शेवटी चित्र निघायचं. लोकलने नेण्याचा प्रश्नच नाही. चर्चगेट विरारपासून साठ किलोमीटर आहे आणि काळा घोड्याच्या गॅलऱ्या त्याच्याही पुढे. गुंडाळायचं असेल तर कमीत कमी सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या. जितका जाड तितका चांगला. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर थर चेपला जाऊन सुरकुततो आणि सुटतो. अ‍ॅक्रिलिक उन्हात मऊ होऊन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून थरांमध्ये प्लास्टिक नको, सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद ठेवा. आणि हे वारंवार करू नका. ‘गेर्निका’ पुन्हापुन्हा गुंडाळून देशोदेशी फिरवलं गेलं, त्याने रंगाला इतक्या इजा झाल्या की शेवटी त्याचा प्रवास थांबवावा लागला. १९८१ मध्ये ते स्पेनला परतलं.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. नऊ फुटांचा पाइप त्यातून मागे बाहेर येतो. टोकाला लाल कापड बांधा आणि पुढच्या बाजूला दोरीने आवळा. चौकट सुटी करून बरोबर न्या, स्क्रू एका पिशवीत, स्टेपल गन खिशात. आणि गॅलरीत फोन करून पोचायच्या आधीच विचारा: तुमचं दार केवढं आहे?